काळी एक आणि चांदणं

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर कोजागिरीला दूध आटायचं, भेळ व्हायची, भेंड्या व्हायच्या, आणि बाराच्या सुमारास बारक्यांना डुलक्या लागल्या की दादा टेपरेकॉर्डर घेऊन वर यायचा. जिन्यावरून वायर ओढत आणायचं काम माझं. कॅसेट ठरलेली. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून त्यानं पहिल्या पगारात आणलेली (ते दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा दादा दिवसभर गप्प होता). कव्हरवर पाण्यातला चंद्र आणि नाव मूनलाइट सोनाटा. बेथोवन कोण हे चाळीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण नावातच चांदणं आहे म्हटल्यावर कोजागिरीला कोण हरकत घेणार? उलट खालच्या मजल्यावरचे काका दर वर्षी आठवण करायचे, "लाव रे तुझं ते चांदण्याचं!"

याच कॅसेटवरून मी एकदा दादाला फार लागेल असं बोलले होते. ते सांगायचंच आहे, पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर ते नीट कळायचं नाही.

झालं असं की गेल्या वर्षी लेकीनं हाच सोनाटा शिकायला घेतला. पहिला भाग वाजवायला तसा सोपा (तिसरा वाजवायचा म्हणजे वेगळाच जन्म घ्यावा लागेल). ती घरी रियाज करायची आणि मी स्वयंपाकघरातून सूचना द्यायची, "हळू गं, अजून हळू, चंद्र उगवतोय असं वाटलं पाहिजे." एक दिवस ती क्लासहून आली ती फणकारतच. "बाई म्हणाल्या चार मोजू नकोस, दोन मोज. आणि चंद्राचा याच्याशी काही संबंध नाही म्हणाल्या."

चंद्राचा संबंध नाही? मग इतकी वर्षं आम्ही गच्चीवर काय ऐकत होतो?

त्या रात्री शोधायला बसले आणि मग ते वेडच लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे बेथोवननं याला मूनलाइट कधीच म्हटलं नव्हतं. त्यानं हे लिहिलं १८०१ साली, तिशीत असताना. १८०२ मध्ये व्हिएन्नाच्या काप्पी या प्रकाशकानं छापलं तेव्हा वर नाव होतं इटालियनमध्ये, अर्थ साधारण असा, की सोनाटा, पण जवळजवळ फँटसीच. म्हणजे नेमाप्रमाणे बांधलेलं नाही, सुचेल तसं उलगडत गेलेलं. त्या काळातले सोनाटे बहुधा जलद भागानं सुरू व्हायचे. यानं संथ भाग आधी घातला आणि सगळी आग शेवटच्या भागासाठी राखून ठेवली.

मग चांदणं आलं कुठून? बर्लिनमध्ये लुडविग रेलस्टाब नावाचा एक समीक्षक होता. कविताही करायचा, त्याच्या काही कवितांना पुढे शूबर्टनं चाली लावल्या. त्यानं १८२४ मध्ये ‘थिओडोर’ नावाची एक कथा लिहिली. त्यात या सोनाट्याच्या पहिल्या भागाबद्दल बोलताना एक देखावा उभा केला आहे. मंद चांदण्यात पहुडलेलं तळं, काळोखे डोंगर, हंस, पडक्या वास्तूतून येणारे सूर, सगळा सरंजाम. म्हणजे कथेतल्या वर्णनातला चंद्र! त्यात तळ्याला नावही नव्हतं. १८५२ मध्ये विल्हेल्म फॉन लेन्त्स यानं बेथोवनवरच्या पुस्तकात ही गोष्ट सांगताना ते तळं स्वित्झर्लंडमधलं लुसर्नचं करून टाकलं आणि वर एक नावही सोडली. आजही कितीतरी ठिकाणी रेलस्टाबला लुसर्नचं चांदणं आठवलं असं ठोकून दिलेलं असतं. आपल्याकडे दंतकथा वाढतात त्या अशाच. एकानं झाड म्हणायचं, दुसऱ्यानं वड म्हणायचं, तिसऱ्यानं पार बांधून मोकळं व्हायचं.

मजा म्हणजे व्हिएन्नात काही लोक यालाच मांडवाचा सोनाटा म्हणायचे. वेलींचा मांडव, बागेत असतो तो. ते नाव टिकलं असतं तर दादाच्या कॅसेटवर द्राक्षाचे वेल आले असते आणि ती कोजागिरीला वाजलीच नसती.

आता नावामुळे बिघडलं काय? माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त बिघडली लय.

कागदावर लय दोन प्रकारे लिहिलेली आहे. एक शब्दात, आदाजियो सोस्तेनुतो. आदाजियो म्हणजे सावकाश, निवांत, आणि सोस्तेनुतो म्हणजे धरून ठेवलेलं, सूर न तोडता. दुसरी खूण चिन्हात आहे. इंग्रजी सी अक्षरासारखं चिन्ह आणि त्याच्या पोटातून एक उभी रेघ. रेघ नसती तर एका घरात चार मात्रा मोजायच्या. रेघ आहे म्हणून दोन. स्वर तेवढेच, पण वजन वेगळं. तबल्याशी ओळख असलेल्यांना हे लगेच समजेल. प्रत्येक मात्रेवर मान हलवत बसलं की गाणं जड होतं, आणि दोन-दोन मात्रांचा एक झोका धरला की तेच गाणं चालायला लागतं.

चार मोजायचं की दोन, हे बेथोवनच्या हस्ताक्षरात बघावं म्हणाल तर तेही जमत नाही. मूळ हस्तलिखित बॉनच्या बेथोवन-हाऊसमध्ये जपून ठेवलेलं आहे, पण त्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान गहाळ आहे. जिथे नाव आणि लय लिहिलेली असणार नेमकं तेच पान! त्यामुळे पहिल्या छापील आवृत्तीवरच भरवसा. त्या आवृत्तीत ती उभी रेघ स्पष्ट आहे.

मेट्रोनोम तेव्हा नव्हता. मेल्त्सेलनं त्याचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. बेथोवननं पुढे आपल्या सिंफनींना आकडे दिले, पण पियानोच्या बत्तीस सोनाट्यांपैकी फक्त एकाला दिले, आणि तो हा नव्हे. मात्र त्याचा शिष्य कार्ल चेर्नी, जो दहा-अकरा वर्षांचा असताना, म्हणजे साधारण हा सोनाटा लिहिला जात होता त्याच सुमारास, बेथोवनकडे शिकायला लागला, त्यानं १८४० च्या दशकात आकडा दिला. मिनिटाला चोपन्न, पाव मात्रेचे. पहिल्या भागात एकूण ६९ घरं. म्हणजे पाव मात्रा झाल्या २७६, भागिले ५४. पाच मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते आणि नवरा विचारत होता की दूधवाल्याचा हिशोब चालू आहे का.

मग माळ्यावरून ती कॅसेट काढली. वाजवायला आता यंत्रच नाही, पण मागच्या बाजूला प्रत्येक भागाची वेळ छापलेली होती. पहिला भाग साडेसहा मिनिटांच्या वर! चेर्नीच्या हिशोबापेक्षा जवळजवळ दीड मिनिट जास्त. आणि आमची कॅसेट काही अपवाद नव्हे, सहा-सात मिनिटं घेणारे पुष्कळ आहेत. उलट आंद्राश शिफ या पियानोवादकानं २००६ च्या सुमारास लंडनच्या विगमोर हॉलमध्ये या सोनाट्यांवर व्याख्यानं दिली, त्यात त्यानं हा भाग लोक फार हळू वाजवतात असं स्पष्ट सांगितलं आणि दोन मोजून वाजवून दाखवला. मी ते ऐकलं आणि पहिल्यांदा वैतागले. गाडी चुकेल अशी काय घाई, असं वाटलं. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की ही घाई नव्हे. कुणीतरी चालतं आहे. तलावाकाठी बसलेलं नाही, चालतं आहे.

चेर्नीच्या चोपन्नालाही कुणी जलद म्हणणार नाही. कुणी धावत नाही त्यात. पण पाय थांबत नाहीत.

अजून एक सूचना आहे कागदावर, आणि तिच्यावरून दोनशे वर्षं भांडणं चालू आहेत. हा संपूर्ण भाग अतिशय नाजूकपणे आणि सोर्दिनोशिवाय वाजवावा. सोर्दिनो म्हणजे इथे तारेवर बसून आवाज बंद करणाऱ्या गाद्या. त्या उचलूनच ठेवायच्या, म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या. तंबोरा छेडून सोडून दिल्यासारखे सूर एकमेकांत मिसळत राहणार. तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोत आवाज लवकर विरायचा, गाद्या उचलायला गुडघ्यानं दाबायची पट्टी असायची, आणि मिसळण बेताची व्हायची. आजच्या पियानोच्या तारा जाड, चौकट लोखंडाची, सूर कितीतरी वेळ घुमत राहतो. तसंच पेडल दाबून ठेवलं तर खिचडी होते. म्हणून बहुतेक जण सूर बदलला की पेडल सोडून पुन्हा दाबतात. चेर्नीनंही खालचा स्वर बदलेल तसं पेडल बदलायला सांगितलं आहे. शिफ मात्र दाबूनच ठेवतो. लेकीनं एकदा तसं करून बघितलं, तर आमच्या बैठकीतल्या शोकेसमधल्या काचा कुरकुरल्या. :)

आता पट्टी. इंग्रजीत सी शार्प मायनर. आपल्या पेटीवर काळी एक, आणि स्वर साधारण आसावरी थाटाचे, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल. बाबांची भजनाची पट्टी काळी एक होती, त्यामुळे हे कळल्यावर मला उगाचच घरचं वाटलं. मी पेटी काढून बघितलं. सुरुवातीला उजव्या हातात तीन-तीन स्वरांचे झुपके फिरत राहतात, पंचम, षड्ज, कोमल गंधार. काळी चार, काळी एक, पांढरी तीन. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पाचव्या घरात वर जी सुरावट येते ती तर नुसता पंचम. एकच स्वर, अडखळत, पुन्हापुन्हा. कुणीतरी एकच शब्द बोलतं आहे आणि वाक्य पुरं होत नाही, असं.

त्या काळी ही पट्टी फारशी कुणी वापरत नसे. हायडनचा एक सोनाटा आहे तिच्यात, पण एकूण दुर्मीळच. कारण तेव्हाच्या सुरेलपणाच्या पद्धतीत सगळ्या पट्ट्या सारख्या लागत नसत, चार-चार शार्प असलेल्या पट्ट्यांना जरा वेगळीच धार असायची. प्रत्येक पट्टीचा स्वभावही लोक सांगत. शूबार्ट नावाचा एक लेखक होता (शूबर्ट नव्हे, हा वेगळा), त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये छापलं गेलं. त्यात प्रत्येक पट्टीला एकेक भाव नेमून दिला आहे, आपल्या रागांना देतात तसा. सी शार्प मायनरला काय दिलंय? पश्चात्तापाचा शोक. देवाशी, मित्राशी, आयुष्याच्या जोडीदाराशी केलेलं मनातलं बोलणं. अपुऱ्या राहिलेल्या मैत्रीचे आणि प्रेमाचे उसासे. चंद्राचा पत्ता नाही!

बेथोवननं शूबार्ट वाचून पट्टी निवडली असं माझं म्हणणं नाही. पण एवढ्या मोठ्या आयुष्यात त्यानं या पट्टीकडे मोठं काम घेऊन परत यायला पंचवीस वर्षं लावली. १८२६ चं चौदावं चतुष्टक, ओपस १३१. ज्या पट्टीत माणूस उठसूट जात नाही, तिथे तो कशासाठी गेला हे विचारावंसं वाटतं.

मधल्या भागाची एक गंमत सांगायची राहिली. तो डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, छोटासा, हसरा. डी फ्लॅट म्हणजे पेटीवर पुन्हा तीच काळी एक! पट्टी हललेलीच नाही, फक्त कोमल स्वर शुद्ध झाले. आणि मग तिसरा भाग, प्रेस्तो आजितातो, जलद आणि खवळलेला, परत त्याच दुःखी काळी एकमध्ये. तिथे कुठलं आलंय चांदणं? आम्ही गच्चीवर तो भाग कधी लावलाच नाही. पहिला संपला की दादा बटण दाबायचा. नावाला शोभणारा तेवढाच भाग ऐकायचा.

याच्यामागे प्रेमभंग आहे असंही सांगतात. सोनाटा अर्पण केला आहे काउंटेस ज्युलिएत्ता ग्विचार्दी हिला. ती त्याची विद्यार्थिनी. नोव्हेंबर १८०१ च्या पत्रात त्यानं वेगेलर या मित्राला लिहिलं आहे, की एक गोड मुलगी माझ्यावर प्रेम करते आणि मीही तिच्यावर करतो, पण ती माझ्या वर्गातली नाही. ती ज्युलिएत्ताच असं मानतात. तिनं १८०३ मध्ये काउंट गालेनबर्गशी लग्न केलं. सिनेमाला पुरेल एवढा मसाला. पण १८५२ मध्ये म्हातारपणी तिनंच ओटो यान या अभ्यासकाला सांगितलं, की बेथोवननं मला आधी दुसरीच एक रचना दिली होती, जी मेजरमधला एक रोंडो. मग ती त्याला लिख्नोव्स्की घराण्यातल्या बाईंना अर्पण करायची होती म्हणून परत मागून घेतली आणि त्याबदली हा सोनाटा दिला. म्हणजे बदली आहेर! साडी आवडली नाही म्हणून नव्हे, ती दुसरीकडे द्यायची होती म्हणून. तिच्यासाठी तो लिहिला होता हे त्यामुळे फारसं टिकत नाही.

त्याच मित्राला जूनमध्ये त्यानं आणखी एक पत्र लिहिलं होतं. त्यात प्रेम नाही, कान आहेत. कानात रात्रंदिवस आवाज घुमतात, मी बहिरा आहे हे लोकांना सांगता येत नाही म्हणून मी माणसांत जायचं टाळतो, असं. ज्या वर्षी हा सोनाटा लिहिला त्याच वर्षी.

आणि आता ते पान. एडविन फिशर हे स्विस पियानोवादक, १९६० साली गेले. व्हिएन्नाच्या संगीतमित्रांच्या संस्थेच्या संग्रहात त्यांना बेथोवनच्या हातचं एक पान दिसलं. त्यावर त्यानं मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या १७८७ च्या ऑपेरातल्या काही ओळी उतरवून घेतल्या होत्या. ऑपेरा सुरू होतो तेव्हाच एक म्हातारा आपल्या मुलीची अब्रू वाचवायला तलवार घेऊन बाहेर येतो आणि द्वंद्वात मारला जातो. तो प्राण सोडत असताना संगीत एकदम मंदावतं, वर तीन पुरुषांचे खालच्या आवाजातले स्वर आणि खाली तीन-तीन स्वरांचे झुपके, सारखे, न थांबता. तो प्रसंग मोझार्टनं एफ मायनरमध्ये लिहिला आहे. बेथोवननं उतरवताना पट्टी बदलली. सी शार्प मायनर.

फिशर यांनी लिहिलं की यानंतर मला या भागात चांदणं ऐकू येणं शक्य नाही, हे मृताजवळचं संगीत आहे. एका पानावरून खटला सिद्ध होत नाही हे मलाही समजतं. चेर्नीनं, जो बेथोवनच्या शेजारी बसून शिकला होता, या भागाला रात्रीचं दृश्यच म्हटलं आहे. पण पुढे तो म्हणतो की त्यात दुरून एका आत्म्याचा शोक ऐकू येतो. रात्र आहे हो, रात्र आहेच. चंद्र रेलस्टाबनं लावला.

आई गेली १९९८ च्या श्रावणात, संध्याकाळी. रात्री अकराच्या सुमारास माणसं पांगली, कोपऱ्यात दिवा, बाबा भिंतीला टेकून बसलेले, मी स्वयंपाकघरात. आणि बाहेरच्या खोलीतून एकदम ते सुरू झालं. हळू आवाजात, पण तेच. मी हातातलं भांडं टाकून बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "आई गेलीय आणि तू चांदणं लावतोस? कोजागिरी आहे का आज?" दादा काही बोलला नाही. उठला, बटण दाबलं, कॅसेट काढून खिशात घातली. त्यानंतर तो गच्चीवर टेपरेकॉर्डर घेऊन कधी आला नाही, आणि आम्ही दोघं त्यावर कधी बोललोही नाही.

फिशरांच्या त्या पानाबद्दल वाचलं त्या रात्री एक वाजून गेला होता. सकाळ व्हायची वाट बघितली आणि दादाला फोन लावला. डॉन जिओव्हानी, झुपके, पट्टी, सगळं एका दमात सांगितलं. मग विचारलं, "तुला तेव्हा हे माहीत होतं?"

"छे गं," तो म्हणाला. "मला कुठलं माहीत असणार? घर फार गप्प झालं होतं, म्हणून लावली."

मला जे म्हणायचं होतं ते काही नीट म्हणता आलं नाही. ते तो इथे वाचेल, तो सगळं वाचतो, फक्त प्रतिक्रिया देत नाही. मग मी फोन लेकीच्या पियानोवर ठेवला आणि तिला म्हटलं, मामाला वाजवून दाखव. तिनं दोन मोजत वाजवलं, पाच मिनिटं आणि थोडंसं वर. अखेरचे दोन सूर विरेपर्यंत पलीकडून काहीच आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला.

"छान," दादा म्हणाला. "पण घाई केली गं पोरीनं."